रातांब्यांच्या दिवसांतली परीक्षा

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत नखं लाल होतात, पुढच्या पाचात मनगटं, आणि मग कोणाचा फोन आला तर तो बिचारा वाजून वाजून गप्प होतो. काल मात्र तो गप्प होईना. शेवटी आईने पदराच्या टोकाने उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडे माझी मावसबहीण. तिचं हॉलतिकीट आलं होतं, कायद्याच्या सीईटीचं, केंद्र सावंतवाडी. "ताई गो, माका कायच येणा नाय," हे एकच वाक्य तिने चार वेळा म्हटलं. मी म्हटलं, "कायच येणा नाय असां वाटता मां? मगे तुझो अभ्यास बरो चललो आसा." तिला ते पटलं नाही. माझ्या वेळी मलाही पटलं नसतं.

फोन ठेवला आणि पुन्हा पाटावर बसले. एका बाजूला लाल सालींचा ढीग, दुसऱ्या बाजूला बियांचा, मध्ये टोपात साठत चाललेला रस. हवेत रातांब्यांचा आंबटगोड वास आणि त्यात मिसळलेला, मागल्या दारी उन्हात घातलेल्या खाऱ्या बांगड्यांचा. बाहेरगावचा माणूस नाकाला रुमाल लावेल. माझी मात्र या वासाने पाठ ताठ होते. माझ्या परीक्षेला दोन वर्षं झाली तरी हा वास आला की वाटतं, आपलं काहीतरी वाचायचं राहिलंय आणि तास कमी उरलेत.

आमच्या आचऱ्यात चैत्र-वैशाख म्हणजे साठवणीचे दिवस. पावसात समुद्र बंद, बाजार बेभरवशाचा, म्हणून जो तो काहीतरी डब्यात, मडक्यात, पोत्यात भरत असतो. लाकडं फोडून पडवीत रचायची, आमसुलं उलथीपालथी करायची, काजूच्या बिया भाजायच्या, मासळी खारवायची. त्या वर्षी अख्ख्या वाडीत काहीही न भरणारी मी एकटीच होते. उंबऱ्यावर बसून 'मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यांतील फरक' घोकत होते आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई मला ओलांडून जात होती. शेजारच्या काकीने एकदा थांबून विचारलंच, "वैजू गो, अभ्यासाक मीठ लावलंस काय? नायतर पावसात कुसतलो." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण बोटाने ओळ धरून ठेवली होती ती सोडली नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, उगाच ताणून धरायला मला आवडत नाही. ती परीक्षा मी पास झाले, आणि बऱ्यापैकी वरच्या गुणांनी झाले. पण त्या मोसमात पणाला लागलं होतं ते निराळंच. पास झाले तरी बाबा मला कोल्हापूरच्या कॉलेजात पाठवतील का, हा खरा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर घरात सगळ्यांना माहीत होतं. उत्तर 'नाही' होतं.

माझे बाबा रापणीचे तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते पाण्यात अर्धगोल सोडून यायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून तीस-चाळीस माणसांनी वाळूवर ओढत आणायचं. कोणत्या बाजूने जोर लावायचा, कोणी सैल सोडायचं, हे तांडेल सांगतो. बाबा फार बोलत नाहीत. पाण्याकडे बघत उभे राहतात आणि एकदाच "आता" म्हणतात, की चाळीस माणसं एकदम मागे रेलतात. घरातही त्यांचा कारभार तसाच. फरक एवढाच की घरात "आता"पेक्षा "नको" जास्त वेळा ऐकू यायचं.

ते "नको" कुठून आलं, हे सांगायचं तर भिंतीपासून सुरुवात करायला हवी. रस्ता आणि किनारा यांच्या मध्ये माडांची एक बाग आहे. तिच्यातून आमची वाट जायची. खांद्यावर जाळं घेऊन माणसं तिथूनच खाली उतरायची आणि माझ्या आईसारख्या मासे विकणाऱ्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन तिथूनच रस्त्याला लागायच्या. बाग अण्णांची. अण्णा म्हणजे गावातले जुने जमीनदार, तोंडाने फटकळ, मनाने मोठे. अण्णा गेले, मुलांनी बाग विकली आणि नव्या मालकाने चिऱ्यांची भिंत घातली. त्याची जमीन, त्याची भिंत. आमची वाट तेवढी गेली. आता खाडीच्या तोंडाकडून वळसा घालावा लागतो. ओलं जाळं खांद्यावर असताना तो वळसा किती लांब वाटतो, ते मी सांगून कळायचं नाही.

गावाने अर्ज केला. तहसील कचेरीत सुनावणी लागली. मी तेव्हा मालवणला बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते, कागद वाचून दाखवायला म्हणून मला नेलं होतं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. कचेरीत ते जी जपून जपून मराठी बोलतात, तिची मला नेहमी थोडी गंमत वाटायची, त्या दिवशी अभिमान वाटत होता. साहेबांनी विचारलं, "या वाटेने किती वर्षं जाता?" बाबा म्हणाले, "आमच्या आजोबांपासून, साहेब." साहेबांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "मूळ मालकाची हरकत नव्हती?"

बाबा ताठ झाले. "हरकत कशी असेल, साहेब? आम्ही विचारल्याशिवाय पाऊल टाकणारी माणसं नव्हेत. दर वर्षी नारळी पौर्णिमेला नारळ आणि पहिल्या रापणीचे मासे घेऊन आम्ही अण्णांच्या दारात जायचो. 'अण्णानू, वाट दियात' म्हणायचो. अण्णा 'जावा' म्हणायचे, मगच पुढची रापण. चोरून कधी गेलो नाही."

समोरच्या बाजूचे वकील इतका वेळ कागद चाळत होते. ते थांबले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, एवढं वाक्य जसंच्या तसं घ्यावं." साहेबांनी घेतलं. आमच्या बाजूची चारही म्हातारी माणसं खूश झाली, की बघा, समोरच्या वकिलालाही मानावं लागलं. परतीच्या एसटीत बाबांची पाठ थोपटणं चाललं होतं. "बरां बोल्लंस. नीट सांगलंस." बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, पण गाल जरासे वर गेलेले मला दिसत होते.

दोन महिन्यांनी निकाल आला. अर्ध्या अर्ध्या पानाची वाक्यं. मला त्यातलं 'सबब अर्ज नामंजूर' एवढंच कळलं. बाबांनी तो कागद घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला आणि पुन्हा कोणाला काढू दिला नाही. जेवताना एकदाच म्हणाले, "मी खरां सांगलंय आणि हरलंय. म्हणजे थंय खऱ्याक किंमत नाय." आई त्यांच्या ताटात भात वाढत होती, ती वाढतच राहिली.

म्हणून जेव्हा मी म्हटलं की मला वकील व्हायचंय, तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किळस होती. "तसल्या धंद्यात माझां चेडू जावचां नाय," ते म्हणाले. मी वाद घातला. मी वाद घालतेच, तो माझा जुना रोग आहे. तीन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. चौथ्या दिवशी ते दोर वळत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "परीक्षा दी. फुडचां मगे बगू." मी आनंदाने स्वयंपाकघरात गेले. आई म्हणाली, "उगीच नाचा नको. तुझो बापूस 'मगे बगू' म्हणता म्हणजे 'नाय' म्हणता. फक्त हळू म्हणता."

तरीही मी ठरवलं. हळू म्हटलेल्या 'नाही'ला फट असते, आणि मला तेवढी पुरे होती.

शिकवणी लावायला आमच्याकडे क्लास नव्हते. होते ते नार्वेकर काका. कोर्टात जन्म काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, गावात सगळ्यांचे अर्ज लिहून देणारे. दुपारचा चहा झाला की मी त्यांच्या पडवीत हजर. काका शिकवताना छापील मराठी बोलायचे, एखादा हुकूम लिहून देत असल्यासारखी, आणि चिडले की सरळ मालवणीवर यायचे. माझ्यामुळे त्यांची छापील मराठी फार टिकत नसे.

कारण माझी एक खोड होती. सामान्यज्ञान पाठ होई, इंग्रजी रेटून नेई, तर्काची कोडी सुटत. अडत होतं ते कायद्याच्या तर्काच्या प्रश्नांत. त्यात वर एक तत्त्व दिलेलं असतं, खाली एक गोष्ट, आणि फक्त त्या तत्त्वाला धरून गोष्टीचा निवाडा करायचा असतो. आपलं मत कोणी विचारलेलं नसतं. मी मात्र दर वेळी मत देऊन मोकळी. एक प्रश्न आठवतो. तत्त्व असं की निव्वळ सामाजिक निमंत्रणातून करार होत नाही. गोष्ट अशी की 'अ'ने 'ब'ला घरी जेवायला बोलावलं, 'ब' प्रवास करून आला, तर घराला कुलूप. 'ब' भरपाई मागू शकतो का? मी 'होय'वर खूण केली.

"का?" काकांनी विचारलं.

"जेवणाक बोलवन घराक कुलूप लावता? तेका दंड होवकच व्हयो."

दुसरा प्रश्न विहिरीचा. करारात ज्यांची नावं त्यांनाच पाण्याचा हक्क, हे तत्त्व. दोघांनी करार करून विहीर खणली, तिसऱ्या शेजाऱ्याने नुसती माती उपसायला हात लावला. त्याला पाण्याचा हक्क आहे का? मी पुन्हा 'होय'. आमच्या रापणीत दोराला हात लावलेला माणूस, मग तो वाटेने जाणारा पाहुणा का असेना, रिकाम्या हाताने जात नाही. ही गोष्ट माझ्या अंगात इतकी मुरलेली, की कागदावरचं तत्त्व मला ऐकूच येत नसे. काकांनी चष्मा काढला. "गो बाये, न्यायाधीश तुका बसवक नाय अजून! तुझ्या आचऱ्याचो न्याय तू आचऱ्यात ठेव. वरती काय लिवलंला आसा तां वाच."

मग शांत झाले आणि पुन्हा छापील मराठीत म्हणाले, "तत्त्व वाचताना तू आचऱ्याची नाहीस. उत्तर दिल्यावर पुन्हा आचऱ्याची हो. कोणी अडवलेलं नाही."

मला ते फार लागलं. घरी येताना वाटेत रडू आलं, ते अभ्यास जमत नाही म्हणून नव्हे. आपल्याला जे चांगलं म्हणून शिकवलं तेच इथे चूक ठरतंय, हे काही मला झेपत नव्हतं. पण रडून झाल्यावर मी तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवसापासून एक केलं. काकांच्या पडवीतून समुद्र दिसतो. मी स्टूल फिरवलं आणि समुद्राकडे पाठ करून बसायला लागले. रोज पन्नास प्रश्न. 'होय' लिहायला हात शिवशिवला की तत्त्व पुन्हा वाचायचं, बोटाने, पहिलीतल्या मुलीसारखं. पहिल्या आठवड्यात अर्ध्याहून जास्त चुकले. एप्रिल सरता सरता चुका मोजायला एका हाताची बोटं पुरू लागली. त्यात आनंद होता का? होता, पण निर्भेळ नव्हता. बरोबर उत्तर आलं की दर वेळी घरातल्या कोणाला तरी फसवल्यासारखं वाटायचं.

आईने त्या दिवसांत मला बाजारातून सूट दिली होती. टोपली एकटीच न्यायची. दुपारी ती रातांबे फोडायला बसली की मी तिला राज्यघटना वाचून दाखवायचे. माझी उजळणी आणि तिची करमणूक. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या आईला मेपर्यंत अर्धी कलमं तोंडपाठ झाली होती. मासळी बाजारात एका बाईने तिच्या जागेवर टोपली सरकवली, तर आई म्हणाली म्हणे, "माका सुखान जगाचो हक्क आसा! कलम एकवीस!" ती बाई घाबरून मागे सरकली. कलम म्हणजे पोलिसातलं असणार असं तिला वाटलं. पुढे बाजारात आईला बरेच दिवस 'एकवीस' म्हणून हाक मारत. बाबांनी ही गोष्ट ऐकली तेव्हा ते तोंड फिरवून हसले. मी ते पाहिलं आणि मनात जपून ठेवलं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, जिद्द म्हणजे काही फार शूर गोष्ट नसते. निदान माझी नव्हती. देवळामागच्या जांभळीखाली मोबाइलला रेंज मिळायची. तिथे उन्हात उभं राहून सराव परीक्षा द्यायची, ती मध्येच अडकायची, मग पहिल्यापासून. पायांना मुंग्या चावायच्या. पण 'आज नको' हे स्वतःशी म्हणायचं नाही, एवढंच मी रोज करत होते. मावसबहिणीला काल हेच सांगायचं होतं, पण रातांब्याच्या हातांनी फोनवर किती सांगणार!

परीक्षेला सोबत कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा बाबाच म्हणाले, "मी जातंय." आईने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. शेवटच्या रापणींचे दिवस होते, पाऊस येण्याआधीचे, आणि तांडेल एक दिवसही हलत नाही असे ते दिवस. तरी निघाले. आदल्या दिवशी आम्ही वालावलला आत्याकडे मुक्काम केला, म्हणजे सकाळी सावंतवाडी जवळ पडते. आत्या मला बघून म्हणाली, "वाळान काठी झालंस गो," आणि तिने आग्रह करून तांदळाचे दोन घावणे जास्त वाढले. जेवताना तिने भावाला थेट विचारलं, "पास झाला तर धाडतलंस मां रे चेडवाक?" बाबांनी घावण्यांबरोबरचा नारळाचा रस भुरकला. "रस गोड झालो आसा," म्हणाले. आत्याने मला डोळा मारला, पण मी हात धुवायला उठले. उद्याचा पेपर कितीही चांगला गेला तरी हा माणूस घावण्यांवरच बोलणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

सकाळी पहिली गाडी. बाबांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत माझं हॉलतिकीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर दोरा बांधलेला. होडीवर नेताना ते आपली बिडीकाडी अशीच बांधतात. केंद्राच्या फाटकाशी मला कानातले काढायला लावले, ते मी बाबांच्या हातावर ठेवले. त्यांनी मूठ मिटली. "वाचून लिव," एवढंच म्हणाले. सगळ्या पोरांच्या आयांनी दही-साखर दिली असेल, देवाचा अंगारा लावला असेल. माझ्या बापाने दोन शब्द दिले. ते नेमके कामाचे निघाले, ही गोष्ट वेगळी.

आत गारठा. एसीची सवय नसल्याने माझी बोटं आखडली. रांगेने संगणक, प्रत्येकासमोर एकेक गंभीर चेहरा. घड्याळ सुरू झालं आणि मी बऱ्या वेगाने निघाले. सामान्यज्ञान झालं, इंग्रजी झालं. कायद्याचे प्रश्न आले. तत्त्व, गोष्ट, खूण. तत्त्व, गोष्ट, खूण. हात शिवशिवत नव्हता. मी समुद्राकडे पाठ करून बसले होते.

मग एक प्रश्न आला. तत्त्व: मालकाच्या परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला, तरी त्यातून वापरणाऱ्यास हक्क प्राप्त होत नाही. वस्तुस्थिती: गावकरी 'अ'च्या शेतातून पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत असत. दर वर्षी ते 'अ'ची परवानगी घेत. 'अ'ने शेत 'ब'ला विकले. 'ब'ने कुंपण घातले. गावकरी कुंपण काढण्याची मागणी करू शकतात काय?

मी ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर शेत नव्हतं, माडांची बाग होती. मऊ आवाजातलं ते वाक्य कानात आलं: 'साहेब, एवढं वाक्य जसंच्या तसं घ्यावं.' त्या वकिलाने लबाडी केली नव्हती. साहेबांनीही केली नव्हती. आम्ही आमच्या हाताने नारळ आणि मासे नेऊन, दर वर्षी, पिढ्यान्‌पिढ्या, 'ही वाट आमची नाही' असं सांगून आलो होतो. आणि कचेरीत तेच मोठ्या अभिमानाने पुन्हा सांगितलं होतं. न विचारता, दांडगाईने गेलो असतो तर कदाचित वाट राहिली असती. सभ्य वागलो म्हणून गेली.

मी तिथेच अडकून बसले. किती वेळ गेला कळलं नाही. पडद्यावरचं घड्याळ उतरत होतं. शेजारचा मुलगा टकटक करत पुढे चालला होता. 'होय' लिहावं असं इतकं मनापासून आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. एक गुण गेला तर गेला! निदान एका कागदावर तरी आमची वाट उघडी राहील.

पण तो कागद कोण वाचणार होतं? यंत्र. मी तत्त्व तिसऱ्यांदा वाचलं, बोटाने, आणि 'नाही'वर खूण केली. मग पुढचा प्रश्न. मग त्याच्या पुढचा. एकही सोडला नाही. त्या दिवशी पेपर संपवण्याइतकं अवघड काम मी त्याआधी केलं नव्हतं.

बाबा फाटकाबाहेर एका झाडाखाली थांबले होते. मूठ उघडून कानातले दिले, ते घामाने ओले झाले होते. आम्ही वडापाव खाल्ला आणि गाडीला वेळ होता म्हणून मोती तलावाच्या कठड्यावर बसलो. बाबांनी बराच वेळ पाण्याकडे निरखून पाहिलं. "गप पानी," म्हणाले. "ह्येका भरती नाय, सुकती नाय. हंयचो तांडेल काय करता काय म्हायत!" मला हसू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कठीण होतां?"

"नाय. बरो गेलो."

"काय इचारलानी?"

मी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या तोंडाला कधी दार नव्हतंच. मी त्यांना ती गोष्ट सांगितली, आमचं नाव न घेता. एक गाव, एक शेत, वाट, दर वर्षी विचारणं, नवा मालक, कुंपण. वरचं तत्त्व सांगितलं नाही. "आता सांग, कुंपण काढूक लावचां काय नाय?"

बाबांनी क्षणही घेतला नाही. "लावचांच. वाट ती वाट. आणि ते बिचारे तर इचारून जाय होते, चोर न्हय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर मां?"

"चुकलंस, बाबा."

मग मी वरचं तत्त्व सांगितलं. हळूहळू, त्यांच्या बोलीत. त्यांना समजायला वेळ लागला नाही. चाळीस माणसांच्या दोराचा ताण ज्याला नुसत्या नजरेने कळतो, त्याला हे कळायला कितीसा वेळ? त्यांचा चेहरा पडत गेला तो मी पाहिला. फार वाईट वाटलं. तरी मी नजर काढली नाही.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी तां बोललंय, म्हणान आमची वाट गेली?"

"व्हय."

तलावाकाठून एक रिक्षा गेली. बाबांनी तळहात गुडघ्यांवर घासले. "मगे काय खोटां बोलूक व्हयां होतां?"

"खोटां कित्याक? तू सांगलंस तां खरांच होतां," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला आवरत नव्हता. "पण तां इचारणां परवानगी नव्हती, बाबा. तो मान होतो. अण्णा कधी 'जाव नको' म्हणूक शकले असते?"

बाबा म्हणाले, "अण्णा 'नको' कसे म्हणतले? अख्खो गाव जाय होतो थंयसून."

"तांच! 'नको' म्हणूचो हक्क तेंकाच नव्हतो. मगे ती परवानगी कशी? पण ह्यां त्या दिवशी थंय कोणी सांगूक नाय. साहेबाच्या भाषेत, कागदार, कलम दाखवन सांगूक व्हयां होतां."

"मगे तू सांग. उद्या चल कचेरीत."

"माका सांगूक येणा नाय," मी म्हटलं, आणि मग मात्र रडू फुटलं. "माका फक्त उत्तर येता. 'नाय'वर खूण करूक येता. तेवढांच शिकलंय मी."

मी डोळे पुसले, नाक ओढलं, गाडीची वेळ बघितली. स्टँडकडे जायला हवं होतं. बाबा उठले, सदऱ्याची मागची बाजू झटकली, पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागले. चार पावलं गेल्यावर थांबले, पण वळले नाहीत.

"कोल्हापूराक जा," ते म्हणाले. "पण नुसतां उत्तर घेवन येव नको. सांगूक शिकान ये."